न वाटता येणाऱ्या गोष्टींची वाटणी

शिरूर आणि दौंड तालुक्यांत भाऊ वेगळे होतात तेव्हा जमीन वाटणे हे त्यातल्या त्यात सोपे काम असते. काळी कुठवर, बरड कुठून सुरू होते, नदीकाठची मळई किती, हे घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असते. सरस-निरस बघून वाटे पाडतात, चिठ्ठ्या टाकतात, बांध घालतात. घोडे अडते ते त्यानंतर. विहीर एकच आहे, तिचे काय करायचे? मोटरीचे कनेक्शन थोरल्याच्या नावावर आहे. मागच्या वाट्यात ट्रॅक्टर न्यायचा तर पुढच्या वाट्यातून न्यावा लागतो. बांधावर आजोबांनी लावलेली चिंच आहे. देव्हाऱ्यात टाक आहेत आणि ओसरीवर म्हातारी आई आहे.

ग्रंथांच्या आणि कायद्याच्या भाषेत अशा गोष्टींना अविभाज्य म्हणतात. वर्तमानपत्रांनी हा शब्द आता पार गुळगुळीत केला आहे. क्रिकेट आपल्या जीवनाचा अविभाज्य भाग असतो, मोबाइल तरुणाईचा अविभाज्य घटक असतो. पण वाटणीच्या कागदावर हा शब्द येतो तेव्हा त्याला धार असते. त्यावर कुणाचे रान भिजायचे आणि कुणाचे वाळायचे, हे ठरते.

गावात त्याच्या जवळपासचे आणखी दोन शब्द चालतात आणि तिन्हींची नेहमी गल्लत होते. अविभक्त म्हणजे अजून वाटलेले नाही, उद्या वाटता येईल. सामाईक म्हणजे सगळ्यांचे मिळून, प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला असो वा नसो. अविभाज्य म्हणजे वाटताच न येणारे, किंवा वाटले तर कामातून जाणारे. सातबाऱ्यावर दिसतो तो बहुधा ‘सामाईक’ हा एकच शब्द. बाप गेल्यावर वारसांची नावे चढली की क्षेत्र सामाईक. चौघांनी मिळून खणलेली विहीर सामाईक. पहिल्या बाबतीत वाटप राहून गेलेले असते, दुसऱ्या बाबतीत ते होऊच शकत नाही. कागद दोन्हींना एकाच नावाने हाक मारतो आणि पुढची भांडणे तिथेच रुजतात. जे वाटता येते ते ‘सामाईक आहे’ म्हणून वर्षानुवर्षे एकाच्या ताब्यात राहते, आणि जे वाटता येत नाही ते हट्टाने वाटायला जाऊन सगळ्यांच्याच हातून जाते.

हा प्रश्न आजचा नाही. मनुस्मृतीत वाटणीच्या प्रकरणात न वाटण्याच्या गोष्टींची एक यादी आहे: अंगावरची वस्त्रे, वाहन, अलंकार, शिजवलेले अन्न, पाणी, स्त्रिया, योगक्षेम आणि जाण्यायेण्याची वाट. पुढच्या टीकाकारांनी या यादीतल्या एकेका शब्दावर पाने खर्च केली आहेत. विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली ती कल्याणीच्या चालुक्यांच्या राजवटीत, अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमारास. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठीच्या सीमेवरचे. त्याने यादीतल्या पाण्याचा अर्थ पाण्याचा साठा, म्हणजे विहीर वगैरे, असा लावला आणि एक नेमकी गोष्ट सांगितली. विहिरींची संख्या वाटेकऱ्यांत समान बसत नसेल तर तिची किंमत काढून ती वाटू नये, वाटेकऱ्यांनी ती पाळीपाळीने वापरावी. आमच्याकडची विहिरीची पाळी म्हणजे नेमके हेच. ती कुणी ग्रंथ वाचून आणली असे मी म्हणत नाही. कोरडवाहू मुलखात शहाणी माणसे याच उत्तरापाशी येतात, आणि ग्रंथकारही बहुधा लोकांचे वागणे बघूनच लिहीत होता.

बृहस्पतीची स्मृती आज अखंड मिळत नाही. इतरांनी घेतलेल्या उताऱ्यांतून ती जुळवावी लागते. पण या विषयात मला सर्वांत पुढचा माणूस तोच वाटतो. ज्यांनी वस्त्रे-अलंकार अविभाज्य ठरवले त्यांनी नीट विचार केलेला नाही, असे तो रोखठोक सांगतो. धनवंताचे धनच मुळी वस्त्रालंकारांत असते. ते वाटणीबाहेर ठेवून कुणाच्याच कामी येत नाही आणि एकट्याला देऊनही टाकता येत नाही. म्हणून विकून पैसे वाटा. लेखी कर्ज वसूल करून वाटा. विहिरीचे पाणी गरजेप्रमाणे काढून वापरा. वाट आपापल्या हिश्शाच्या मानाने वापरा. ‘वाटता येत नाही’ हे वाक्य त्याने संपूर्ण उत्तर म्हणून कधी मान्य केले नाही. वाटता येत नसेल तर उपभोग कसा मिळेल ते सांगा, असा त्याचा आग्रह आहे. या लेखात मला जे म्हणायचे आहे ते याहून फारसे वेगळे नाही.

त्याच उताऱ्यात पुढे असेही आहे की दासी एकच असेल तर तिने वाटेकऱ्यांच्या घरी पाळीने काम करावे. मनूच्या यादीतल्या ‘स्त्रिया’ या शब्दाचा अर्थ टीकाकारांनी दासी असाच केला आहे. हे वाचून पुढे सरकता येत नाही. पाळी ही पाण्यासाठी न्यायाची व्यवस्था, पण माणसालाच वस्तू धरले की तीच पाळी जुलमाची व्यवस्था होते. आपल्याकडे याचा पुरावा शोधायला फार मागे जावे लागत नाही. महार वतनाची जमीन गावोगाव थोडकी. वारस वाढत गेले तसे तिचे तुकडे होत गेले, पण गावकीची राबणूक तेवढीच राहिली आणि ती घरोघर येसकरपाळीने फिरत राहिली. जमिनीचा तुकडा नावापुरता आणि पाळी मात्र चुकत नाही, असा तो व्यवहार होता. कोरेगाव भीमा हे शिरूर तालुक्यातले गाव. त्याच्याजवळच्या विजयस्तंभापाशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी आले होते. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. कनिष्ठ गाववतने कायद्याने गेली ती १९५८ मध्ये, मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने. पाटीलकीचे उत्पन्न भाऊबंदांत वाटले जाई, विकलेही जाई. पण पोळ्याला पहिला बैल कुणाचा आणि होळीला पहिला मान कुणाचा, यावर पिढ्यान्‌पिढ्या दावे चालत. मान वाटता येत नाही म्हणून तोही कित्येक गावांत आलटून-पालटून घ्यावा लागे.

आता विहिरीकडे यावे, कारण या दोन तालुक्यांत खरा जीव तिच्यातच अडकलेला आहे. शिरूरचा पाबळ-केंदूर-कान्हूर मेसाई हा भाग आणि दौंडचा कालव्याच्या वरच्या अंगाचा भाग पर्जन्यछायेतला. एका विहिरीवर चार भावांची पाळी म्हणजे बहुधा प्रत्येकी दोन दिवस, आठ दिवसांचे बारे. मोटेच्या काळात दिवस म्हणजे दिवस होता. बैल जेवढे ओढतील तेवढे पाणी. वीज आली आणि दिवसाचा अर्थ बदलला. शेतीपंपाला थ्री फेज वीज मिळते ती साधारण आठ तास, कधी दिवसा, कधी रात्री. म्हणजे पाळी दोन दिवसांची असली तरी हाती येतात सोळा तास, आणि तेही दिवसाचे की रात्रीचे हा प्रश्न उरतोच.

इथे एक बारीक हिशेब आहे आणि तो जुन्या माणसांना बरोबर ठाऊक असतो. समजा फीडरवर आठवड्यातले ठरावीक वार दिवसा वीज आणि बाकीचे वार रात्री, असे वेळापत्रक आहे. पाळीही सातच दिवसांची ठेवली, तर ज्याच्या वाट्याला रात्रीचे वार आले तो कायमचा रात्रीच दारे धरणार. पायाखाली विंचू-काटा आहे की काय हे बॅटरीच्या उजेडात बघत, थंडीत गुडघाभर चिखलात. पाळी आठ दिवसांची असेल तर प्रत्येक फेरीला ती एका वाराने पुढे सरकते आणि सात फेऱ्यांत, म्हणजे ५६ दिवसांत, सगळे वार सगळ्यांच्या वाट्याला येऊन जातात. चौघांत प्रत्येकी दोन दिवस हा आकडा वरवर साधा दिसतो, त्याच्या पोटात एवढा न्याय आहे. भाऊ तीन असतील आणि प्रत्येकी दोन दिवस धरले तर सहाचे बारे होते, तेही सरकते. पाच असतील तर दहाचे, तेही सरकते. फसते ते सातवर. एकजण म्हणतो, आपण आठवड्याचे वारच वाटून घेऊ, सोपे पडेल. लक्षात ठेवायला सोपे खरेच. पण वेळापत्रक तसे असेल तर एकाची झोप कायमची गेली.

विहिरीच्या पाळीत आणखी कितीतरी गोष्टी ठरवाव्या लागतात. बिल कोण भरणार: तासावर की हिश्शावर? मोटर जळाली तर ती कुणाच्या पाळीत जळाली हे बघायचे, की खर्च सगळ्यांनी मिळून करायचा? गाळ काढायचा तर ज्याचा हिस्सा दोन आणे तो दोनच आण्यांचा खर्च देणार का? पाणी उन्हाळ्यात तळाला गेले तर दिवस तसेच ठेवायचे, की जेवढे साचेल तेवढे मोजून घ्यायचे? ज्या वाटणीपत्रात हे सगळे लिहिलेले असते तिथली विहीर नातवंडांपर्यंत टिकते. ‘विहीर सामाईक राहील’ एवढ्या तीन शब्दांवर थांबलेले वाटणीपत्र म्हणजे तंट्याला मोकळे रान.

बोअर आले आणि माणसांना वाटले, सुटलो. प्रत्येकाने आपापल्या वाट्यात बोअर घ्यावे, कुणाची पाळी नको, कुणाचे तोंड बघायला नको. मला हा गेल्या चाळीसेक वर्षांतला या भागातला सर्वांत महागडा गैरसमज वाटतो. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, सांध्यांत. ही भेग थोरल्याची आणि ती धाकट्याची, असे खाली काही नसते. चार बोअर घेतले तरी खालचा साठा एकच. विहीर सामाईक होती तेव्हा तो साठा दिसत होता. काठावर उभे राहिले की किती हात पाणी आहे ते चौघांनाही कळत होते आणि पाळी होती. बोअरने साठा सामाईकच ठेवला, पाळी तेवढी काढून टाकली. आता ज्याचा बोअर खोल आणि ज्याची मोटर मोठी, त्याचे पाणी. मग दुसरा आणखी खोल जातो. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध आहेत, पण गावात कुणी मशीनवाल्याला त्यासाठी थांबवल्याचे चित्र सहसा दिसत नाही.

हेच पाणी तालुक्याच्या मापाने पाहिले तरी प्रश्न बदलत नाही. घोड नदीवर चिंचणीला धरण आहे, त्याचे पाणी शिरूरला आणि पलीकडे श्रीगोंद्यालाही हवे. चासकमानचा कालवा खेडमधून शिरूरमध्ये येतो. खडकवासल्याच्या नव्या मुठा उजव्या कालव्यावर आधी पुणे शहर, मग हवेली, दौंड, इंदापूर. इंग्रजांच्या काळातला जुना मुठा कालवा पाटसपर्यंत आणलेला होता. वरवंडचा व्हिक्टोरिया तलाव आणि मातोबा तलाव त्याच व्यवस्थेतले. कालव्याचे पाणी मालकीने वाटत नाहीत, आवर्तनाने वाटतात, आणि चारीवर आलेले पाणी शेजपाळीने. म्हणजे विज्ञानेश्वराने विहिरीसाठी सांगितलेला नियम पाटबंधारे खात्याने कालव्याला लावलेला आहे. नियम चांगला, रोग अंमलबजावणीत. मुखाकडचा शेतकरी उसाला भरपूर पाणी घेतो आणि टेलच्या शेतकऱ्याच्या पाळीला चारी कोरडी असते. पाळी मोडण्याची ताकद ज्याच्यात आहे त्याच्यावर ती पाळण्याची सक्ती नसेल तर पाळी नावालाच राहते.

महाराष्ट्रात याहून चांगले करून दाखवलेले आहे. धुळे-नाशिककडे पांझरा-मोसमच्या खोऱ्यांतली फड पद्धत जुनी. शेते वेगवेगळ्या मालकांची, पण एका फडात एका हंगामाला सगळ्यांचे एकच पीक आणि पाणी सगळ्या फडाला मिळून. दौंडच्या शेजारीच, पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या एकरांवर न देता माणशी दिले, एका माणसाला अर्धा एकर भिजेल एवढे आणि कुटुंबाला कमाल अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही हक्क दिला, उसाला मनाई केली. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे. पाणी अविभाज्य आहे हे मान्य करून त्याचा उपभोग माणसांत वाटण्याचा इतका सरळ प्रयोग आपल्याकडे दुसरा झालेला मला माहीत नाही.

वाटेचा प्रश्न विहिरीपेक्षा लहान दिसतो आणि मारामाऱ्या मात्र त्यावरूनच अधिक होतात. बाप होता तोवर रान एक होते, त्यातून कुठूनही गाडी जात असे. वाटणी झाली आणि मागच्या वाट्याचा मालक एका दिवसात कोंडला गेला. १८८२ चा सुविधाधिकार कायदा याबाबत स्पष्ट आहे. सामाईक मिळकतीची वाटणी झाल्यावर एकाच्या वाट्यातून गेल्याशिवाय दुसऱ्याचा वाटा उपभोगताच येत नसेल, तर तो हक्क त्याला मिळतो, कागदावर लिहिलेला नसला तरी. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येते. बांधावरून नवा रस्ता हवा तर जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. ‘एकशेत्रेचाळीसचा रस्ता’ हे शब्द शिरूर-दौंडच्या कचेऱ्यांत शाळा न शिकलेल्या माणसाच्या तोंडीही ऐकू येतात. २०२५ मध्ये शासनाने शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यायला सांगितले. हे फार आधी व्हायला हवे होते. तरी खरी जागा वाटणीपत्राचीच. उभा ऊस तोडून ट्रॉली कुठून बाहेर काढायची, हे वाटे पाडतानाच ठरले तर तहसीलची पायरी चढावी लागत नाही.

जमीनच अविभाज्य ठरवण्याचा प्रयत्न सरकारने केला, त्याचा इतिहास मात्र नीट बघायला हवा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पवनाकाठच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या हिशेबाने तिथली सरासरी धारणा १७७१ मध्ये ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली. दुसरे गाव त्यांनी कोरडवाहू घेतले, शिरूर तालुक्यातले जातेगाव बुद्रुक. ना. वि. कानिटकर यांच्यासह केलेला तो अभ्यास १९२१ मध्ये निघाला. शंभर वर्षांपूर्वी दख्खनच्या शेतीची तपासणी करताना तज्ज्ञांनी याच तालुक्यात मुक्काम ठोकला होता, हे आज जातेगावातही फार जणांना माहीत नसेल. अशा अभ्यासांतून तुकड्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. १९२७ चे विधेयक विरोधामुळे बारगळले आणि अखेर १९४७ मध्ये तुकडेबंदीचा कायदा आला. प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा पडेल असे हस्तांतर नाही, तसे वाटपही नाही. ८ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत ही मर्यादा जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केली. आधी ती याहून मोठी होती.

शेतकरी तुकडे पाडतो तो अडाणीपणाने, अशी एक समजूत या सगळ्याच्या मुळाशी होती. मला ती अन्यायाची वाटते. सरस-निरस वाटणीत प्रत्येक भाऊ काळीतला थोडा, बरडातला थोडा आणि मळईतला थोडा भाग मागतो, कारण पाऊस कुठे दगा देईल याचा नेम नसतो. ज्या साली काळी चिबडते त्या साली बरड थोडेफार देते, आणि पावसाने पाठ फिरवली की मळईच तारते. तुकडा हा त्याचा विमा होता. कायद्याने तो विमा काढून घेतला आणि बदल्यात फारसे काही दिले नाही.

शिवाय वारसाहक्क थांबत नाही. तीन एकर जिरायत म्हणजे १२० गुंठे. वारस आठ असतील तर प्रत्येकाला १५, म्हणजे वाटप कायद्यात बसत नाही. सातबाऱ्यावर मात्र आठही नावे चढतात. घरात वाटणी तोंडी होते, बांध पडतात, पिके वेगळी निघतात, आणि कागदावर सगळे सामाईक राहते. मग विहिरीचे अनुदान, वीज जोडणी, शेततळे, कशासाठीही सातजणांची संमतीपत्रे. त्यातला एक मुंबईत, एक कोर्टात विरोधी पक्षकार. नोटरी केलेला पाचशेचा स्टॅम्प एवढाच त्या वाटणीचा पुरावा. रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यात एमआयडीसी आल्यापासून या गोंधळाला नवे गिऱ्हाईक मिळाले. कुणीतरी येऊन एकाचा अविभक्त हिस्सा विकत घेतो आणि मग सगळ्या गटावर हक्क सांगतो. अशा वेळी हिंदू वारसा कायद्याचे कलम २२ उपयोगी पडू शकते. वारसांपैकी एकजण आपला हिस्सा विकायला निघाला तर इतर वारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. हे कलम भावंडांना वेळेवर माहीत असेल तर कितीतरी गट वाचतील. नागरी भागांपुरती ही तुकडेबंदी सैल करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. शेतीच्या गावांत मात्र कागद आणि रान यांतले अंतर तसेच आहे.

घराच्या बाबतीत अविभाज्य हा शब्द कुणाच्या बाजूने चालतो ते अगदी उघड दिसते. १८९३ च्या वाटप कायद्याने न्यायालयांना एक सोय दिली. मिळकत सोयीने वाटता येत नसेल आणि निम्म्या किंवा अधिक हिश्शाच्या मालकांनी मागणी केली, तर ती विकून पैसे वाटता येतात, आणि इतर वाटेकऱ्यांना ती किमतीला घेण्याची संधी असते. यात न्याय आहे. पण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २३ मध्ये असे होते की राहत्या घराची वाटणी मुलगी मागू शकत नाही, पुरुष वारस वाटणी करतील तेव्हाच तिला तिचा हिस्सा. घर भावांना हवे तेव्हा विभाज्य, बहिणीने मागितले की अविभाज्य. हे कलम ९ सप्टेंबर २००५ पासून रद्द झाले. त्याच दिवसापासून मुलगी जन्माने सहदायाद झाली. महाराष्ट्राने तशी तरतूद १९९४ मध्येच केली होती, आणि बाप ९ सप्टेंबर २००५ ला हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केले. तरीही गावात हक्कसोडपत्राची प्रथा चालूच आहे. बहिणीला तालुक्याला बोलावतात, सही घेतात, साडीचोळीवर बोळवण करतात. ‘घर कसं वाटणार गं, एकच तर आहे’ हे वाक्य त्या वेळी हमखास ऐकू येते. एकच आहे म्हणून वाटता येत नसेल, तर त्याची किंमत काढता येते. बृहस्पतीने तेव्हाच सांगितले होते, आणि तेही बहिणीच्या हक्काचा विचार कुणाच्या मनातही नसलेल्या काळात.

देवांचा प्रश्न लोकांनी आपला आपण सोडवला आहे. जुने टाक बहुधा थोरल्याकडे राहतात, बाकीचे नवे करून घेतात, आणि जेजुरीला जाताना सगळे एकत्र जातात. चिंचेचेही तसेच. झाड कुणाच्याही बांधावर असो, चिंच उक्ती देतात आणि पैसे वाटून घेतात.

आईवडिलांचे मात्र असे सहजी मिटत नाही. एक महिना या घरी, एक महिना त्या घरी, अशी पाळी कित्येक घरांत चालते. काही घरांत आई एकाकडे आणि वडील दुसऱ्याकडे अशी वाटणी होते. मी वर पाळीचे एवढे गुण गायले, म्हणून इथे स्पष्ट लिहायला हवे: म्हातारपणी पन्नास वर्षांच्या जोडीदारापासून तोडणे ही व्यवस्था नव्हे, क्रूरपणा आहे, मग भावांचे हिशेब कितीही चोख असोत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाह मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली जमीन, ती अट मोडली तर परत घेता येते. पण कलम लागण्याच्या आधीच करता येण्याजोगी गोष्ट आहे. वाटे पाडताना आईवडिलांचा स्वतंत्र वाटा, त्यांच्या नावावर, विहिरीच्या हक्कासकट ठेवावा. ज्यांच्या नावावर रान आणि पाणी असते त्यांची पाळी लावायला कुणी धजत नाही.

आज वाटणी कायदेशीर करणे पूर्वीइतके महाग राहिलेले नाही. महसूल संहितेच्या कलम ८५ खाली संमतीचे वाटप तहसीलदाराकडे शंभर रुपयांच्या मुद्रांकावर होते. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी २०२५ मध्ये माफ झाली. तेव्हा कागद करायचाच तर पुरा करावा. क्षेत्र आणि चतु:सीमा लिहून झाल्यावर एक पान या न वाटता येणाऱ्या गोष्टींसाठी ठेवावे. विहिरीची पाळी किती दिवसांची, ती कुणापासून सुरू होते, रात्रीची वीज कुणाच्या वाट्याला कशी फिरते, बिल आणि दुरुस्ती कोणत्या हिश्शाने, कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याने अर्ज-तक्रार कुणाच्या संमतीने करायची, नवा बोअर विहिरीपासून किती अंतरावर, रस्ता किती फुटांचा आणि कोणत्या बांधाने, झाडाचे उत्पन्न कसे, बहिणीचा हिस्सा जमिनीत की पैशात आणि कधीपर्यंत. फेरफार धरताना यातला विहिरीचा आणि रस्त्याचा भाग ‘इतर हक्क’ रकान्यात चढवून घ्यावा आणि चढला की नाही ते नवा उतारा काढून तिथल्या तिथे तपासावे.